शेऱ्याचा रकाना

"पालखी आली दारी, सांडले गो तांदूळ
आईची भरता ओटी, कुनी पुसू नये कूळ..."

हा आवाज सावित्रीकाकीचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. तिच्या अंगणात ताज्या सारवणाचा ओला वास सुटलेला असायचा आणि ती सुपात खण, नारळ, तांदूळ घेऊन उंबऱ्यात उभी असायची. पावणाईची पालखी पऱ्यातून, गावच्या ओढ्यातून, वर येताना दिसली की ही ओवी तिच्या तोंडून आपसूक निघायची. ढोल जवळ आला की तिचा आवाज त्यात बुडून जायचा, तरी ओठ हलत राहायचे. तिचा मुलगा केरू आणि मी पालखीखालून वाकून पलीकडे जायचो. तसं गेलं की वर्षभर ताप येत नाही, असं काकीच सांगायची.

त्याला चाळीस वर्षं झाली. सुदानला नोकरीत असताना, खार्टूममधल्या माझ्या पत्र्याच्या खोलीत, ह्याच आवाजानं मला कितीदा तरी झोपवलंय. यंदाच्या शिमग्यात मात्र त्यानं मला धड बसू दिलं नाही. पालखीनं कुठल्या दारात जाऊ नये ह्याची यादी माझ्या टेबलावर पडली होती, आणि तिच्यात सतरावं घर सावित्रीकाकीचं होतं.

अक्षर माझं होतं.

आमचं गाव रत्नागिरीहून देवरूखला जाताना मोठ्या रस्त्यावरून खाली उतरतं. वरची वाडी आणि खालची वाडी, मधून पऱ्या वाहतो. पावसात तो कुणाला ओलांडू देत नाही, आणि शिमग्यापर्यंत त्यात गुरांच्या खुरांएवढंही पाणी उरत नाही. ह्या पऱ्यानं गाव कधी तोडलं नव्हतं. तोडलं सड्यानं. वरच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, जिथं गवत सोडून काही उगवत नाही, तिथं कुठली तरी कंपनी येणार असं कळलं आणि संमतीच्या सह्या मागायला माणसं आली. वरच्या वाडीनं सह्या दिल्या, खालच्या वाडीनं नाही. सगळ्यांनीच दिल्या किंवा सगळ्यांनीच नाही, असं नव्हतं. पण वर्षभरात तसं बोललं जायला लागलं, आणि बोललं गेलं तसंच झालं.

आधी व्हॉट्सॅपच्या एका ग्रुपचे दोन झाले. मग टपरीवरची बाकं वाटली गेली. मग क्रिकेटची खेळपट्टी कुणी तरी फावड्यानं उखडली. पौषात खालच्या वाडीतली पेंढ्याची उडवी जळाली. कुणी जाळली ते कुणीच पाहिलं नाही, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. माघात वरच्या वाडीतल्या एकाचं डोकं फुटलं. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. आणि फाल्गुन लागला तसा नितेश माझ्या पडवीत येऊन बसला.

नितेश वरच्या वाडीचा पुढारी. वय चाळिशीच्या आत, बोलणं मऊ.

"संदेशदादा, तुझं अक्षर मोत्यासारखं. त्यात तू बाहेर राहून आलेला. तुझ्यावर कोण बोट ठेवणार नाय."

"काय लिहायचंय?"

"घरांची यादी. तीन रकाने आख. अनुक्रम, घर आणि शेरा."

"शेऱ्यात काय?"

"आपला का त्यांचा. दुसरं काय!" तो हसला. "पालखी आपल्याच दारांत नाचवायची ठरलंय. आयत्या वेळी गोंधळ नको. नाव वाचायचं, पुढं जायचं."

नाही म्हणावं असं मनात आलं, पण नाही म्हटलं असतं तर माझ्याच नावापुढं काय लिहायचं हा प्रश्न उभा राहिला असता. मी पट्टी घेतली. तीन रेघा आखल्या. इतक्या सरळ आल्या की नितेश म्हणाला, "बघ, म्हणून तुझ्याकडं आलो."

रेघा आखायला मला अण्णांनी शिकवलं. अलोऱ्याच्या वसाहतीत एका कंत्राटदाराकडे मी पहिल्यांदा हजेरी कारकून म्हणून लागलो तेव्हा अण्णा तिथं मुख्य कारकून होते. पांढरं धोतर, कानाला पेन्सिल. ते म्हणायचे, "पोरा, मजूर दिवसभर राबतो त्याचा पुरावा म्हणजे ही एक ओळ. हिच्यात खाडाखोड केलीस तर त्याच्या दिवसावर केलीस." मी ते गाठीला बांधलं. वीस वर्षांत माझ्या एकाही मस्टरात एक अक्षर खोडलेलं सापडणार नाही. मला त्याची फार घमेंड होती.

त्याच घमेंडीवर मी सुदानला गेलो. खार्टूमला, नदीच्या उत्तर काठावरच्या एका पिठाच्या गिरणीत हजेरीचा कारकून. गिरणीच्या ऑफिसात देश चालवणाऱ्या दोन सेनापतींचा एकाच चौकटीतला फोटो होता, दोघंही हसणारे. गेटाबाहेर कडुनिंबाखाली एक बाई चहा विकायची. तिच्याभोवती स्टुलांचं एकच कडं असे. तिथं आदम माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा.

आदम हमालांचा मुकादम. पश्चिमेकडचा, खूप लांबचा. त्याला माझं नाव नीट म्हणता यायचं नाही, 'सेन्देस' म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पावट्याच्या उसळीसारखं काही तरी असतं त्यांचं, त्याच्या एका वाडग्यात आम्ही दोघं भाकरी बुडवायचो. मी त्याला पालखीचं सांगितलं होतं. त्याला ते फार आवडलं. "तुमची देवी स्वतः उठून लोकांच्या घरी जाते? मोठ्या मनाची आहे," म्हणाला.

तिथं त्या दोन सेनापतींची लढाई एका दिवसात आली असं टीव्हीवाले म्हणतात. मी पाहिलं ते असं नव्हतं. आधी स्टुलं सरकली. एका कड्याच्या दोन कोरी झाल्या, मधून माणूस जाईल एवढी वाट. मग पश्चिमेकडच्या लोकांच्या बोलण्याच्या नकला सुरू झाल्या. आदमही हसायचा. मग नकला थांबल्या, आणि मला बरं वाटलं. वाटलं, भांडण मिटलं. फोटोतले दोन सेनापती एकमेकांशी बोलेनासे झालेत असं बाजारात म्हणत होते, पण चौकटीत ते हसतच होते. त्याच सुमाराला गिरणीच्या पहारेकऱ्यांचा वरिष्ठ माझ्याकडं आला. म्हणाला, तुझ्या मस्टरात शेऱ्याचा रकाना रिकामाच असतो, त्यात प्रत्येकाचा मूळ मुलूख लिही. तू परका, तू लिहिलंस तर कुणाला वाईट वाटणार नाही.

मी लिहिलं. एकशे बारा नावं. सुरेख अक्षरात.

गावात मी सुदानची गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. रमजानातली ती शनिवारची सकाळ, विमानांचा आवाज, नळाला पाणी नसलेले नऊ दिवस, बंदरापर्यंतची बस, मग जहाज, मग जेद्दा, मग मुंबई. पोरांना बस आवडते, नितेशला विमानं. मृणालीला, माझ्या बायकोला, ह्याच्याहून थोडं जास्त माहीत आहे. लढाईच्या तिसऱ्या दिवशी, आम्ही सगळे गिरणीतच अडकलेले असताना, बंदुकवाले गेटवर आले. कुठल्या बाजूचे, असं सगळे विचारतात. आदमला त्याचा काय फरक पडला असता? मस्टर गेटजवळच्या टेबलावर होतं. त्यांनी ते उघडलं, शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि अकरा माणसं बाजूला काढली. नववा आदम. तो मान वळवून माझ्याकडं बघत गेला. ते अकरा जण परत आले नाहीत.

इथपर्यंत मृणालीला ठाऊक आहे. ह्याच्या मागचं एक वाक्य मी तिलाही सांगितलेलं नव्हतं.

होळीच्या दोन दिवस आधी मी पऱ्या ओलांडून खालच्या वाडीत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. केरू अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून कोयता घासत होता.

"काय संदेशशेठ, वाट चुकलात?"

"शेठ कसला, मेल्या."

"मग काय म्हणू? लिहिणारे सायेब?" त्यानं कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवला. "आमचा नंबर कितवा?"

केरूशी मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. "सतरावा," मी म्हटलं.

"बघ. शाळेत जल्ला कधी पन्नासाच्या आत आला नाय." तो हसला, मग एकदम थांबला. "आयशीला सांगू नको. तिनं अंगण सारवून घेतलाय."

काकी आत भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढं गेली आता. डोळ्यांत दुधाळ पडदा. पुढ्यात सूप, सुपात हिरवा खण घडी करून ठेवलेला.

"कोण तो? संदेस?"

"होय काकी."

"पायांवरून वळखला. लहानपनी पन असाच यायचास, चोरासारखा." तिनं हात पुढं करून माझा हात शोधला. "माझ्या डोळ्याला आता काय दिसत नाय बाला. पन ढोल ऐकू येतो. पालखी पऱ्यात उतरली ना, की ढोलाचा आवाज घागरीतून आल्यासारखा येतो. तेवढा ऐकला की मी उठून उभी ऱ्हाते." मग जरा थांबून, "येल ना रे पालखी? कायबाय ऐकते मी."

"येईल की, काकी. न येऊन कुठं जाईल?"

हे मी म्हटलं. ज्या हातानं सतरा नंबर लिहिला तोच हात तिच्या हातात देऊन म्हटलं. ती हसली आणि हलक्या आवाजात गुणगुणायला लागली, तीच ओवी. कूळ ह्या शब्दाशी आली तेव्हा तिला धाप लागली, आणि शब्द अर्धाच राहिला.

निघताना केरू गडग्यापर्यंत आला. "संद्या, एक ऐक. पालखी पऱ्याच्या ह्या बाजूला नाय आली तर त्या बाजूलापन फिरूची नाय. पोरं बोलतायत, मी नाय."

"आणि तू?"

"मी काजूच्या फांद्या तोडायच्या म्हणून कोयता घासतोय." तो माझ्या नजरेला नजर देईना. "सध्या तरी."

घरी आलो तर फोनवर आवाजी निरोप आला होता. खदीजा, आदमची बायको. ती पोरांना घेऊन सरहद्दीपलीकडच्या छावणीत आहे. यंदा शिमगा रमजानातच आला, आणि रमजानात तिचा निरोप येतोच. बाजारात शिकलेल्या माझ्या मोडक्या अरबीला समजेल असं ती सावकाश बोलते. "रमजान करीम, भाऊ. काही कळलं का? तू त्याला शेवटचं कधी पाहिलंस, तेवढं सांग." दर वेळी मी तिला एकच उत्तर पाठवत आलो होतो. मी त्या दिवशी गेटवर नव्हतो.

मृणाली दारात उभी होती. "कुणाचा?"

"ऑफिसचा."

"तुमचं ऑफिस जळून वर्षं झाली. जळलेलं ऑफिस बाईच्या आवाजात रडतं होय?"

ती टेबलाशी गेली, यादी उचलली आणि बोटानं खाली खाली येत सतराव्या ओळीवर थांबली. मृणाली देवरूखची. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला सावित्रीकाकीनं शिकवलं होतं. तिनं कागद होता तसा परत ठेवला, कोपरे सरळ केले.

"अक्षर छान आलंय," म्हणाली आणि आत गेली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला गाव सहाणेवर जमलं. सहाण म्हणजे माळावरचा दगडी ओटा, शिमग्यात देवीची पालखी तिथं बसते. पावणाईला अबोलीचे गजरे घातले होते, देवीच्या मुखवट्यांची रुपं उन्हात चमकत होती. ओट्याच्या डाव्या अंगाला वरची वाडी, उजव्या अंगाला खालची. मधून माणूस जाईल एवढी वाट. ती वाट पाहिली आणि माझ्या डोळ्यांपुढं कडुनिंबाखालची ती चहावाली बाई उभी राहिली. आंब्याखाली दोन पोलीस प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून सरबत पीत होते. शिमग्याच्या नावाखाली दोन्हीकडच्या पोरांच्या हातांत दांडे होते. नाचायला इतके जाड दांडे लागत नाहीत.

"दादा, यादी वाच," नितेश म्हणाला. "मग पालखी उठवू."

मी खिशातून कागद काढला. उघडला. उजवीकडून केरू माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे, मान जराशी वळवून. तशी वळलेली मान मी आधी एकदा पाहिली होती.

माझ्या खिशाला पेन होतं. मी ते काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मग दुसरी. मग आडवी-तिडवी, कशाही. कागद फाटला, शाई बोटांना लागली.

"अरे, अरे, काय करतोस?" नितेशनं माझं मनगट धरलं. "वेड लागलं काय तुला? दुसरा कागद आण रे कोणतरी!"

"आधी गाऱ्हाणं," रघू गुरव म्हणाला. त्याचं वय सत्तर, आवाज अजून ढोलासारखा. पालखी उठण्याआधी देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो सुरू झाला की नितेशलाही मनगट सोडावं लागलं. रघू एकेक मागणं म्हणत गेला, आणि दर मागण्याला दोन्ही बाजूंनी जुन्या सवयीनं एकच आवाज उठत गेला.

"आई पावणाई, बारा पाचाची मंडळी तुझ्या पायाशी उभी हाय..."

"व्हय महाराजा!"

"जो कोण चुकला असेल, त्याला पोटात घाल..."

"व्हय महाराजा!"

रघूनं वहिवाटीप्रमाणं विचारलं, "आणिक कुणाचा काय असला तर आताच बोला."

"माझं आहे," मी म्हणालो.

"सांग, मी घालतो."

"नको रघूआबा. माझं मीच घालतो."

मी चपला काढल्या आणि पुढं झालो. ओट्याचा दगड उन्हानं तापलेला होता.

"आई पावणाई, परमुलखात मी एक यादी केली."

"व्हय महाराजा!" दोन्हीकडून.

"कोण कुठला ते तिच्यात लिहिलं. मला वाटलं, मी परका, माझ्या लिहिण्यानं कुणाचं काय बिघडतंय."

"व्हय महाराजा." आवाज थोडे कमी झाले.

"ती यादी वाचून अकरा माणसं नेली. त्यांतला एक माझ्या ताटातला होता. त्याचं नाव आदम. त्याची बायको मला विचारते, आणि मी सांगत आलो की मी तिथं नव्हतो. मी टेबलामागं उभा होतो. आज मी तिला ते सांगणार आहे."

ह्या वेळी 'व्हय महाराजा' फक्त रघू गुरव म्हणाला. आंब्याखालचा एक पोलीस पेला हातात धरून उभा राहिला होता.

"आणि आता इथं दुसरी यादी केली, आई. तिच्यात सावित्रीकाकीचं घर लिहिलं. ती ढोलाची वाट बघत बसली आहे, आणि मी तिला खोटं सांगून आलो."

मग उजवीकडून एकट्याचा आवाज आला. घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा. केरूचा.

"व्हय महाराजा."

उरलेलं एकच वाक्य होतं. मृणाली बायकांच्या घोळक्यात पुढं येऊन उभी होती, मी तिच्याकडं बघितलं, मग देवीकडं.

"बंदुकवाले यायच्या आधीच्या मंगळवारी आदम माझ्याकडं आला होता. रोज्याचे दिवस, ओठ सुकलेले. म्हणाला, भाऊ, माझ्या नावापुढचा तेवढा एक शब्द बदल, इथलंच गाव लिही. पेन माझ्या हातात होतं, आई. आणि मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्याच्या मस्टरात बघू, ह्याच्यात खाडाखोड दिसेल."